तेलपट्ट्यातली आम्लवर्षा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नायजेरियातला नायजर डेल्टा, कुवेत, कझाकस्तान, कॅनडातला अल्बर्टा अशा तेल काढणाऱ्या प्रदेशांतल्या पावसाबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अवघड नंतर. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आम्लवर्षा म्हणजे नेमकं काय? साधा पाऊसही थोडा आंबट असतो ना?

असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड थेंबात विरघळतो आणि अगदी स्वच्छ पावसाचाही सामू (पीएच) ५.६ च्या आसपास येतो. म्हणून ७ पेक्षा कमी सामू दिसला की लगेच आम्लवर्षा म्हणू नये. गंधक आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून तयार झालेल्या सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्लांमुळे सामू ५ च्या खाली उतरला, तर शंका घ्यायला जागा आहे. सामूची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते. ५.६ वरून ४.६ म्हणजे आम्ल दहापट, ३.६ म्हणजे शंभरपट. ‘एकानेच तर कमी झालाय’ असे म्हणून सोडून देऊ नका.

‘आम्लवर्षा’ हा शब्द रूढ केला रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने, १८७२ मध्ये. त्याच्यासमोर मँचेस्टरचा कोळशाचा धूर होता. तेलपट्ट्यात रसायन तेच असले तरी धुराचा उगम निराळा, म्हणून प्रश्नही निराळे.

२. विहिरीजवळ रात्रंदिवस पेटलेल्या ज्वाळेचा पावसाशी काय संबंध?

जमिनीतून कच्चे तेल वर येते तेव्हा त्यात विरघळलेला वायूही सुटतो. तो वाहून नेणारी नळवाहिनी नसेल, विकत घेणारा नसेल किंवा यंत्रणेत अचानक दाब वाढला असेल, तर तो उंच नळीच्या टोकाशी जाळतात. यालाच फ्लेअर म्हणतात. वायूत हायड्रोजन सल्फाइड असेल तर जळताना त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो: ३४ किलो हायड्रोजन सल्फाइडमागे ६४ किलो. हवेत आणि ढगाच्या थेंबात त्याचे पुढे सल्फ्युरिक आम्ल बनते. हिशेब सोपा आहे, १ किलो गंधक म्हणजे शेवटी सुमारे ३ किलो सल्फ्युरिक आम्ल.

दुसरी वाट नायट्रोजनची. वायूत नायट्रोजनची संयुगे नसली तरी ज्वाळेच्या उष्णतेने हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन जोडला जातो, त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पुढे नायट्रिक आम्ल तयार होते. ही दुसरी वाट बहुतेक जण विसरतात, आणि प्रश्न ४ चे अर्धे उत्तर तिच्यातच आहे.

फ्लेअरखेरीज शुद्धीकरण कारखाने, डिझेल जनित्रे, बोटी आणि कच्चे तेल जाळणाऱ्या भट्ट्या हेही उगम आहेतच.

३. सगळ्याच तेलक्षेत्रांतला वायू सारखाच आम्ल तयार करतो का?

नाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. ज्वाळा केवढी दिसते यावरून गंधक कळत नाही. ज्या वायूत हायड्रोजन सल्फाइड जवळपास नसतो त्याला ‘गोड’ म्हणतात, भरपूर असतो त्याला ‘आंबट’.

एक लाख घनमीटर वायू जाळला असे समजा. त्यात हायड्रोजन सल्फाइड १ टक्का असेल तर सुमारे २.७ टन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडेल. दशलक्षात ४ भाग असेल तर जेमतेम १ किलो. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही ज्वाळा सारख्याच दिसतील.

कझाकस्तानातल्या तेंगीझ तेलक्षेत्राच्या वायूत हायड्रोजन सल्फाइड १२-१३ टक्क्यांच्या घरात आहे आणि तिथल्याच काशागान क्षेत्राचा त्याहून आंबट. काशागानमध्ये सप्टेंबर २०१३ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि काही आठवड्यांतच थांबवावे लागले, कारण या वायूने नळवाहिन्यांच्या पोलादाला तडे गेले. २०१६ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. कुवेतच्या कच्च्या तेलात गंधक अडीच टक्क्यांच्या आसपास असते. नायजेरियाच्या ‘बॉनी लाइट’ तेलात मात्र ते ०.१५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जगातल्या गोड तेलांपैकी एक.

४. मग नायजर डेल्टातली आम्लवर्षा खरी, की नुसती समजूत?

त्रास खरा आहे. कारण मात्र लोक समजतात तसे एकच नाही.

डेल्टातला वायू गोड असल्याने फ्लेअरमधून गंधक कमी निघते. पण त्याच एक लाख घनमीटर गोड वायूच्या ज्वलनातून, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा फ्लेअरसाठीचा गुणांक लावला, तर सुमारे ११० किलो नायट्रोजन ऑक्साइडे निघतात. १ किलो सल्फर डायऑक्साइडच्या समोर ११० किलो! म्हणून डेल्टात फक्त सल्फेट मोजून ‘पाऊस ठीक आहे’ असा निर्वाळा देणारा अहवाल अपुरा समजावा. नायट्रेट मोजलेच पाहिजे. शिवाय लपूनछपून डिझेल-रॉकेल गाळणाऱ्या बेकायदा भट्ट्या आहेत. त्यांची काजळी पोर्ट हारकोर्टमध्ये २०१६ च्या अखेरीपासून घरांच्या खिडक्यांवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसू लागली.

गोड वायूचा मुद्दा पुढे करून लोकांच्या तक्रारी झटकून टाकणे आम्हाला अजिबात मान्य नाही. डेल्टातल्या ओलोइबिरीला १९५६ मध्ये तेल लागले तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या ज्वाळेच्या उजेडात, उष्णतेत आणि आवाजात राहणाऱ्यांना पावसाचा सामू ५.२ आला की ५.६ याने फरक पडत नाही. पण उपाय शोधायचा तर कारण नेमके हवे. पत्रा मिठाने सडत असेल आणि आपण गंधकावर बोट ठेवले, तर पहिल्याच सुनावणीत दावा कोसळतो आणि जे खरे नुकसान आहे तेही ऐकून घेतले जात नाही.

५. ज्वाळेच्या जितकं जवळ, तितका पाऊस जास्त आम्ल, बरोबर ना?

बहुधा उलट. सल्फर डायऑक्साइडचे आम्ल व्हायला काही तास ते एक-दोन दिवस लागतात. तयार झालेले सल्फेटचे कण त्यानंतरही काही दिवस हवेत राहतात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. म्हणून ज्वाळेलगत त्रास होतो तो वायूचा, काजळीचा आणि उष्णतेचा, तर आम्ल पाऊस वाऱ्याच्या दिशेने लांब पडतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा: फ्लेअरपासून ५०० मीटरवर पावसाचा सामू बरा आला म्हणून फ्लेअर निर्दोष ठरत नाही. जवळ हवेतला सल्फर डायऑक्साइड मोजा (जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम), आणि पाऊस लांबवर, वाऱ्याखाली मोजा.

६. पत्र्याची छपरं चार-पाच वर्षांत चाळणी होतात. आम्लवर्षेला याहून मोठा पुरावा कुठला?

पुरावा आहे, पण कशाचा ते तपासावे लागते. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर हळूहळू जस्त कार्बोनेटचा पातळ थर बसतो आणि तोच खालच्या लोखंडाला जपतो. आम्ल तो थर विरघळवते. समुद्राच्या तुषारांतले क्लोराइडही तो फोडते. धातूंच्या हवेतल्या गंजण्याचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण तीन गोष्टींवर उभे आहे: पृष्ठभाग किती तास ओला राहतो, सल्फर डायऑक्साइड किती आणि क्लोराइड किती. डेल्टासारख्या दमट किनारपट्टीवर पहिली आणि तिसरी गोष्ट ज्वाळा नसतानाही जबर असते.

पत्रा जवळून पाहा. गंज उघड्या, पाऊस थेट झेलणाऱ्या भागावर जास्त आणि वळचणीखालच्या झाकलेल्या भागावर कमी असेल, तर पावसावर संशय घ्यावा. वळचणीखाली, जिथे पावसाने धुऊन निघत नाही तिथेच पापुद्रे सुटले असतील, तर साचलेले मीठ हे जास्त संभवते. फक्त खिळ्यांच्या भोकांभोवती गंज असेल तर दोन वेगळ्या धातूंचा स्पर्श किंवा हलका मुलामा ही कारणे आधी तपासा.

पक्का निकाल हवा असेल तर एकाच पत्र्यातून १० × १५ सेंटिमीटरचे तुकडे कापा, कडा रंगाने बंद करा, प्रत्येकाचे वजन मिलिग्रॅमपर्यंत नोंदवा. निम्मे फ्लेअरच्या वाऱ्याखाली लावा आणि निम्मे वाऱ्याच्या उलट बाजूला, पण समुद्रापासून तेवढ्याच अंतरावर. ही अट चुकली की सगळी मेहनत वाया जाते. वर्षभराने गंज काढून पुन्हा वजन करा. दोन्हीकडचा फरक हा फ्लेअरचा वाटा.

७. काळा पाऊस पडला म्हणजे तो आम्लच ना?

नाही. काळेपणा काजळीचा आणि न जळलेल्या तेलाचा असतो, आम्ल बिनरंगी असते. १९९१ मध्ये माघार घेणाऱ्या इराकी सैन्याने कुवेतच्या सहाशेहून अधिक विहिरी पेटवल्या आणि शेवटची विहीर ६ नोव्हेंबरला बंद झाली. इराणमध्येही काळा पाऊस पडला. एवढे गंधक जळूनही भीती होती तेवढी आम्लवर्षा झाली नाही, कारण त्या भागातली धूळ चुनखडीची आहे आणि तिने आम्ल वाटेतच मारले.

काळ्या पावसाचे पाणी तरीही धोक्याचेच. काजळीला चिकटलेली हायड्रोकार्बने सामूच्या आकड्यात दिसत नाहीत.

८. म्हणजे धूळ असेल तिथे काळजीच नको?

तसे म्हणता येत नाही. धूळ पावसाचा सामू सावरते, पण सल्फर डायऑक्साइड श्वासातून जायचा तो जातोच, आणि पाऊस नसताना तो वायू थेट भिंती, पाने, माती यांवर बसतो. चुनखडीच्या दगडावर त्याची जिप्समची काळपट खपली होते आणि ती दगडासकट गळते.

अल्बर्टातल्या अथाबास्का भागात हाच खेळ अंतरानुसार बदलतो. तेलवाळूच्या खाणींतून आणि रस्त्यांवरून उडणारी कॅल्शियमयुक्त धूळ जड असते, ती जवळच बसते आणि तिथले आम्ल मारते. सल्फेट हलके, ते पुढे शेजारच्या सस्कॅचेवान प्रांताकडे जाते. तिथली तळी जुन्या ग्रॅनाइटसारख्या खडकावर आहेत, पाण्यात आम्ल शोषणारा चुना जवळजवळ नाही. उगमाजवळ सगळे आलबेल आणि लांबची तळी धोक्यात, हे नकाशा पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

९. पावसाचा सामू आम्हीच मोजायचा तर कसा? लिटमस कागद चालेल का?

कागद चालणार नाही. पावसाच्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की कागदातल्या रंगद्रव्यानेच आकडा हलतो. मीटर लागतो, आणि काळजीही.

गोळा करायला पॉलिथिनचे, २० सेंटिमीटर व्यासाचे नरसाळे आणि त्याच प्लास्टिकची बाटली घ्या. काच नको, तिच्यातून सोडियम सुटतो. धातू तर मुळीच नको. डिस्टिल्ड पाण्याने तीन-चार वेळा खंगाळा, साबण लावू नका. जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंचीवर, झाडाच्या किंवा छपराच्या उंचीइतके तरी अंतर राखून ठेवा. या नरसाळ्यात १ मिलिमीटर पावसाला सुमारे ३१ मिलिलिटर पाणी मिळते, त्यामुळे २ मिलिमीटर पाऊस झाला की मोजण्यापुरते जमते.

झाकण पाऊस सुरू होताना काढा आणि थांबताच लावा. दिवसभर उघडे राहिलेले नरसाळे पावसाबरोबर धूळही मोजते. पक्ष्याची एक शीट पडली तरी अमोनियामुळे सामू ६.५-७ दिसतो. असा नमुना फेकून द्या, ‘सुधारून’ वापरू नका.

मीटर ७ आणि ४ च्या बफरने (ठरलेल्या सामूच्या तयार द्रावणाने) जुळवून घ्या, पण तेवढ्यावर विसंबू नका. बफरमध्ये भरपूर क्षार असतात, तिथे थकलेला इलेक्ट्रोडही (मीटरची पाण्यात बुडवायची कांडी) बरोबर आकडा देतो आणि पावसात मात्र चुकतो. म्हणून लिटरमागे ०.०००१ मोल हायड्रोक्लोरिक आम्लाचे द्रावण करून ठेवा. त्याचा सामू ४.० यायला हवा, ४.१ च्या वर आला तर इलेक्ट्रोड बदला. पावसात आकडा स्थिरावायला काही मिनिटे लागतात. ढवळणे थांबवून वाट पाहा. नमुना लगेच मोजता आला नाही तर ४ अंश सेल्सियसला ठेवून २४ तासांत मोजा.

१०. महिन्याभराच्या सामूंची सरासरी काढली. चुकलं का?

हो, ही चूक छापील अहवालांतही सापडते. १० मिलिमीटर पाऊस सामू ४ चा आणि १० मिलिमीटर सामू ६ चा पडला, तर सरासरी ५ नव्हे. आधी हायड्रोजन आयनांत रूपांतर करा: लिटरमागे १०० आणि १ मायक्रोमोल. सरासरी ५०.५, म्हणजे सामू ४.३. पाऊस कमी-जास्त असेल तर प्रत्येक आकड्याला त्या दिवसाच्या मिलिमीटरने गुणून मग भागा. उन्हाळ्यानंतरची पहिली सर बहुतेकदा वेगळी असते, तिची नोंद स्वतंत्र ठेवा.

११. प्रयोगशाळेच्या अहवालात सल्फेट जास्त आलं. दोष फ्लेअरचाच ना?

समुद्राचे सल्फेट आधी वजा करा. समुद्राच्या पाण्यात सोडियमच्या वजनाच्या ०.२५२ पट सल्फेट असते. तुमच्या नमुन्यात लिटरमागे सल्फेट ३ मिलिग्रॅम आणि सोडियम ४ मिलिग्रॅम असेल, तर १ मिलिग्रॅम सल्फेट समुद्राचे आणि उरलेले २ बाहेरचे. हे २ फ्लेअरचे, बोटींचे की दूरच्या शहराचे, हे वाऱ्याच्या नोंदीशिवाय सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक सरीबरोबर वाऱ्याची दिशा लिहून ठेवा.

१२. छपरावरून साठवलेलं पावसाचं पाणी प्यावं का?

सामू ४.५ चे पाणी म्हणून पोटाला अपाय होत नाही, टोमॅटोचा रसही त्याच घरात येतो. अपाय होतो तो त्या पाण्याने वाटेत जे विरघळवले त्याचा: पत्र्याचे जस्त, जुन्या झाळकामाचे आणि रंगाचे शिसे, छपरावर साचलेली काजळी. शिशासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. उकळून शिसे जात नाही, उलट पाणी आटल्याने दाट होते.

पहिले २ मिलिमीटर पाणी बाहेर सोडा. ५० चौरस मीटर छपराला हे १०० लिटर होते. टाकीत पाणी चुनखडीच्या धुतलेल्या खड्यांमधून घ्या, सामू वर येतो आणि नळांतून धातू विरघळणे कमी होते. काजळीचा तवंग दिसला तर ते पाणी पिऊ नका आणि स्वयंपाकालाही वापरू नका.

विहिरीच्या पाण्याचा प्रश्न याहून वेगळा आणि अनेकदा जास्त गंभीर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ मध्ये नायजर डेल्टातल्या ओगोनीलँडमधल्या एका वस्तीच्या पिण्याच्या पाण्यात मर्यादेच्या ९०० पट बेंझीन नोंदवले. ते पावसातून आलेले नव्हते, नळवाहिनीच्या गळतीचे होते. सामूचा चांगला आकडा अशा पाण्याची हमी देत नाही.

१३. पीक खुंटलंय. चुना टाकू का?

आधी मातीचा सामू आणि चुन्याची गरज प्रयोगशाळेतून काढा. वर्षाला २५०० मिलिमीटर पाऊस ४.५ सामूचा पडला तरी ते आम्ल मारायला हेक्टरी सुमारे ४० किलो चुनखडी पुरते. युरियातून हेक्टरी ६० किलो नत्र दिले तर त्याने तयार होणारे आम्ल मारायला सुमारे १०८ किलो लागते. म्हणजे खताचा वाटा पावसापेक्षा मोठा असू शकतो. सामू ५ च्या खाली गेला की मातीतला ॲल्युमिनियम सुटून मुळे आखडतात. कसावा हे सोसतो, मका सोसत नाही.

फ्लेअरच्या अगदी जवळ पाने करपत असतील तर चुन्याने काही होणार नाही. तिथे उष्णता आणि कोरडी पडलेली माती हे कारण आधी तपासा.

१४. खाडीकाठच्या मातीचा सामू ३.५ आला. इतका आम्ल पाऊस पडतो?

पावसाने माती इतकी खाली जात नाही. खारफुटीच्या चिखलात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज असते. पाण्याखाली ते निपचित असते. तेलविहिरीपर्यंत बोटी नेण्यासाठी कालवे खोदून तो चिखल काठावर टाकला की हवा लागून त्याचे सल्फ्युरिक आम्ल होते. आम्ल तेल उद्योगामुळेच आले, पण आकाशातून नव्हे. अशा ढिगाऱ्यावर वर्षानुवर्षे काही उगवत नाही आणि पावसात त्याचे पाणी खाडीत उतरले की मासे मरतात. ढिगारा पुन्हा पाण्याखाली नेणे किंवा भरपूर चुना मिसळणे, हेच उपाय.

१५. हे थांबवायचं तंत्र आहे का?

आहे, आणि जुने आहे. गोड वायू दाबून पुन्हा भूगर्भात सोडता येतो, त्यावर वीज करता येते, द्रवरूप करून विकता येतो. आंबट वायू आधी अमाइनच्या द्रावणातून धुतात, सुटलेला हायड्रोजन सल्फाइड क्लाउस संयंत्रात जातो. तिथे त्याचा एक तृतीयांश भाग जाळतात आणि त्यातून झालेल्या सल्फर डायऑक्साइडची उरलेल्याशी अभिक्रिया होऊन पिवळे गंधक मिळते.

फरक शेवटच्या टक्क्यात पडतो. दिवसाला १०० टन गंधक येत असेल आणि क्लाउसने ९७ टक्के पकडले, तर ६ टन सल्फर डायऑक्साइड बाहेर जातो. क्लाउसमधून शेवटी उरलेल्या वायूवर पुन्हा प्रक्रिया करून ९९.९ टक्के पकडले तर फक्त २०० किलो. संयंत्र बंद पडले की सगळा आंबट वायू फ्लेअरवर वळतो, आणि तशा एका दिवसात महिन्याभराची कमाई जाते. म्हणून परवान्यात वार्षिक सरासरीबरोबर बंद पडण्याचे तासही मागा.

१६. नायजेरियात वायू जाळायला बंदी आहे ना?

१९७९ च्या कायद्याने १ जानेवारी १९८४ पासून मंत्र्यांच्या परवानगीशिवाय वायू जाळायला मनाई केली. परवानगी आणि दंड भरून जाळणे चालूच राहिले. १४ नोव्हेंबर २००५ रोजी बेनिन सिटीच्या संघीय उच्च न्यायालयाने ग्बेमरे खटल्यात वायू जाळणे हा जगण्याच्या आणि प्रतिष्ठेच्या हक्काचा भंग ठरवला, तरीही ज्वाळा विझल्या नाहीत. २०१८ च्या नियमांनी दिवसाला १०,००० पिंपे किंवा जास्त तेल काढणाऱ्यांना दर हजार घनफुटांमागे २ डॉलर आकारणी लावली. नेहमीचे वायू जाळणे २०३० पर्यंत बंद करण्याचा जागतिक बँकेचा उपक्रम २०१५ पासून सुरू आहे. उपग्रहांतून रात्रीच्या ज्वाळा मोजता येतात, त्यामुळे कंपनीचा आकडा पडताळण्याचे साधन सामान्य माणसाच्याही हातात आले आहे.

१७. गावाजवळची ज्वाळा एकदाची विझली. आता सुटलो ना?

ज्वाळा का विझली ते आधी विचारा. वायू वळवला असेल तर पावसाचा सामू काही आठवड्यांत सुधारतो, मातीतून वाहून गेलेले कॅल्शियम-मॅग्नेशियम भरून यायला मात्र दशके लागतात.

पण नळी चालू राहून नुसती ज्योत विझली असेल, तर न जळलेला वायू बाहेर पडतो आहे. आंबट क्षेत्रात त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो. हवेत तो दशलक्षात १०० भागांच्या आसपास गेला की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. ५०० च्या पुढे काही मिनिटांत माणूस कोसळतो. तो हवेपेक्षा जड, खोलगट जागी साचतो. वास अचानक गेला तर धोका टळला असे समजू नका. वाऱ्याला आडवे, उंचाकडे निघा, मुलांना आणि म्हाताऱ्यांना आधी हलवा आणि पडलेल्या माणसाला उचलायला श्वसनयंत्राशिवाय खाली उतरू नका.